चालकाचा चेहरा

सन्मती मगदूम दुकानात ठिबकच्या नळ्या कापत होता, तेव्हा त्याच्या फोनवर निरोप आला. त्याची पत्नी पद्मजा ही नांद्र्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी असून तिला अतीव दुःख झालेलं आहे, तरी जवळची व्यक्ती या नात्यानं आपण तातडीनं संपर्क करावा. निरोप पद्मजाच्या गाडीनं पाठवला होता.

सन्मतीनं गिऱ्हाईक तसंच सोडलं आणि स्कूटर काढली. सांगलीपासून नांद्र्यापर्यंत त्याच्या तोंडी णमोकार मंत्र चालू होता आणि डोळ्यांसमोर नको नको ते येत होतं. गाडी एका चिंचेखाली उभी होती. आत पद्मजा स्टीअरिंगवर मूठ आपटत होती. डोळे सुजले होते, नाक लाल झालं होतं.

"काय झालं गं? कोण गेलं?"

"गाव गेलं," पद्मजा म्हणाली. "धरणात बुडालं. तिसरा अंक आहे. ही बया मला स्वगत पुरं करू देईना झालीय. दोनदा बाजूला घेतली गाडी."

सन्मती तिथंच रस्त्याच्या कडेला बसला आणि पोट धरून हसला. पुढचे आठ दिवस मार्केट यार्डात हाच विषय होता. आमच्या हिचं रडणं असलं खरं, की गाडीसुद्धा फसली, असं तो येईल त्याला सांगत होता. त्याला बायकोचा अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नाही.

गाडीनं असं का करावं, हे थोडं समजून घ्यायला हवं. स्टीअरिंगच्या मागं शर्टाच्या गुंडीएवढा कॅमेरा असतो. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात बघतो, म्हणून त्याला अंधाराची अडचण नाही आणि काळ्या चष्म्याचीही नाही. सुरुवातीला तो फक्त पापण्या मोजायचा. पापण्या जास्त वेळ मिटल्या, की चालक पेंगतोय असं समजून गाडी ओरडायची. याला कुणी हरकत घेतली नाही. घाटात पेंगायचा हक्क मागायला कोण जाणार? मग तो फोनकडे वळलेली नजर पकडायला लागला. मग दारू. मग विमा कंपन्यांच्या लक्षात आलं, की याच डोळ्याला आणखी पुष्कळ दिसतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीखालचं रक्त किंचित गडद होतं. आपल्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं, म्हणजे हात न लावता नाडी मोजता येते. डोळ्याची बाहुली मनाबरोबर लहानमोठी होते. आणि रागावलेली, खचलेली माणसं जास्त अपघात करतात हे तर आकडेच सांगत होते. तेव्हा कायद्यात 'मनःस्थिती' आली. डॅशबोर्डवर हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन दिवे आले. तांबडा लागला की गाडी स्वतःच कडेला जाऊन उभी राहायला लागली. यातली प्रत्येक पायरी शहाण्या माणसांनी शहाणपणानंच बांधली होती. जिना कुठं जातो हे बघायचं काम मात्र कुणाकडेच नव्हतं.

विरोध झाला नाही असं नाही. बायकांनी कॅमेऱ्यावर टिकल्या चिकटवून पाहिल्या. गाडी सुरूच होईना. पुण्यात मोर्चा निघाला, त्याला निम्मे लोक आपापल्या गाडीनं आले होते. त्या दिवशी शहरात पिवळे दिवे फार लागले, असं नंतर कळलं.

पद्मजा पलूसच्या बाजूला एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. टँकरमधल्या दुधाचे नमुने तपासायचे, फॅट बघायचं, भेसळ पकडायची, हे तिचं काम. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. संध्याकाळी तालीम, कारण ती ज्या संस्थेत होती ती दर वर्षी राज्य नाट्यस्पर्धेत उतरायची; नाटक आरवाडे सर बसवायचे. हौशी नटांना पाठांतराला जागा नसते. घरी मोठ्यानं वाक्यं म्हटली की शेजारी बेल वाजवतात. पद्मजा सगळं नाटक गाडीत पाठ करायची. स्वतःचं बोलायची, समोरच्याचंही बोलायची, आणि तिसऱ्या अंकात धरणाच्या पाण्याकडे बघत धाय मोकलून रडायची. सांगलीत असले नाटकवाले कमी नाहीत. तांबड्या दिव्यात अडकणारी ती पहिली ठरली, एवढंच.

वर्षात तीनदा तांबडा लागला की लायसन्स थांबवायचं, असा नियम होता. तिसऱ्यांदा लागला त्याच संध्याकाळी तिचं थांबलं. दाद मागायची सोय होती. गाडीनं वर्षभर साठवलेली चेहऱ्याची नोंद पुण्याच्या तपासणी केंद्राकडे पाठवायची, तिथले तज्ज्ञ अभिनय आहे की खरं ते ठरवतात, आणि निकाल सुनावणीच्या वेळी अर्जदाराला व त्याच्या जवळच्या व्यक्तीला कळवला जातो. जवळची व्यक्ती म्हणून गाडी घेताना सगळे नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव टाकतात. पद्मजानंही टाकलं होतं.

"पाठव की," सन्मती म्हणाला. "अभिनय करतीस हे सिद्ध झालं की झालं. भ्यायचं काय त्यात?"

तिलाही भ्यायचं काही दिसलं नाही. तिनं वर्षभराचा चेहरा पाठवून दिला.

निकाल सांगायला पुण्याच्या केंद्रानं तिला आधी एकटीला बोलावलं. डॉ. निवेदिता घाटपांडे नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, बोलायला नीटस. त्यांनी चहा मागवला आणि पहिल्यांदा आनंदाची बातमी दिली. लायसन्स परत मिळेल. रडतानासुद्धा पद्मजाची नजर रस्त्यावरून हललेली नव्हती, ब्रेकवर पाय वेळेत जात होता.

"म्हणजे अभिनय होता हे कळलं तर मशीनला," पद्मजा म्हणाली.

"नाही. रडणं खरं होतं."

पद्मजा हसली. "अहो, रोल आहे तो माझा."

"रोल आहेच. पण आधी रडू येतं आणि मग वाक्यं सुरू होतात. कितीतरी दिवस तर वाक्यं नाहीतच. नुसतंच मुकं रडणं आहे, दिवा पिवळ्याच्या पुढं न नेणारं, नांद्र्यापासून भिलवडीपर्यंत."

पद्मजा खिडकीबाहेर बघायला लागली. चहा आला. डॉक्टरांनी शिकवण्याच्या सुरात पुढं सांगायला सुरुवात केली. बहुधा गप्प बसलेल्या माणसासमोर त्यांना तेवढंच सुचत असावं.

"हसण्याचे मेंदूतून दोन रस्ते आहेत. अर्धांगाचा झटका आलेला माणूस बघा. त्याला 'हसा' म्हटलं की अर्ध्याच तोंडानं हसतो. त्यालाच नातवानं काही गंमत सांगितली की पूर्ण तोंडानं हसतो. स्नायू तेच असतात, हुकूम वेगळ्या ठिकाणाहून येतो. आपण ठरवून हसतो तो हुकूम वरून येतो. आपोआप हसू येतं ते आतून, खोलातून येतं. आणलेलं हसू झटकन सुरू होतं, एका गालावर किंचित आधी येतं, आणि काम झालं की एकदम उतरतं. आतून आलेलं हळू चढतं, हळू उतरतं, आणि नाडी नि बाहुली त्याच्याबरोबर चालतात. बाहुलीवर कुणाचाच ताबा नसतो. मोठ्यात मोठ्या नटाचाही नसतो."

"मग माझा अभिनय सापडलाच नाही म्हणा."

"सापडला," डॉक्टर म्हणाल्या. "रविवारी सापडला. शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला असतो त्या सगळ्या फेऱ्यांत. शेजारी कोण ते कॅमेऱ्याला दिसत नाही. तुम्ही त्यांच्याशी बोलता, हसता, मान डोलावता. ते सगळं वरून आणलेलं आहे. इतकी सफाई आम्ही अजून कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही."

रविवारी पद्मजा आणि सन्मती कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला जात. सन्मतीला गाडी चालवायला आवडत नसे. तो शेजारी बसून शेंगा सोलत बोलत राहायचा.

"सगळ्या फेऱ्यांत?" पद्मजानं विचारलं.

"जवळजवळ सगळ्या."

"ते वगळा ना. लायसन्सला त्याचा काय संबंध?"

"त्याचाच संबंध आहे. दुःख खरं असलं तरी तुमचा चेहऱ्यावर, म्हणजे स्वतःवर, पूर्ण ताबा आहे, हे आम्ही त्या फेऱ्यांवरूनच सिद्ध करतोय. ते काढलं तर नुसती रडणारी चालक उरते. सोमवारी सुनावणी आहे. तिथं निकाल उघडायच्या आधी तुम्ही अर्ज मागं घेतला तर निकाल कुणाकडेच जाणार नाही. पण मग तीन वर्षं लायसन्स नाही, आणि उपचाराची गरज आहे अशी नोंद लागेल."

पद्मजानं कप खाली ठेवला. "डॉक्टर, मी दुधातली भेसळ तपासते. पाणी किती घातलंय ते मला सांगता येतं. का घातलं ते सांगता येत नाही. चेहरा आणला म्हणून तो खोटा झाला काय? माणूस वाईट नाही हो तो. त्याला बरं वाटावं म्हणूनच आणते."

"मशीन खोटा म्हणत नाही. आणलेला म्हणतं."

"वाचणारा खोटाच म्हणणार."

डॉक्टरांनी फाईल मिटली. दुःख कशाचं आहे हे विचारायची त्यांना परवानगी नव्हती, आणि त्यांनी विचारलंही नाही.

परतीच्या एसटीत पद्मजानं ते स्वतःलाच विचारून पाहिलं. सन्मतीनं कधी हात उचलला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. मुलगी हैदराबादला शिकत होती, तिचं बरं चाललं होतं. तेविसाव्या वर्षी मुंबईच्या एका नाटक मंडळीनं पद्मजाला बोलावलं होतं. वडील नको म्हणाले आणि तिनं हट्ट धरला नाही. मग सन्मतीचं स्थळ आलं. नको म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं म्हणून ती हो म्हणाली, आणि पुढचं सगळं त्याच हिशोबानं होत गेलं. एवढ्यानं माणूस वर्षभर रडतो काय? तिला पटेना. पण रडण्याला कारण असलंच पाहिजे असा यंत्राचा आग्रह नव्हता. गाडीत ती एकटी असायची आणि पाऊण तास तिला कुणाला काही दाखवायचं नसायचं. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होत होतं. ते कुणीतरी बघत होतं याचा तिला आत्ता संताप आला, आणि एसटीत शेजारी बाई बसली होती म्हणून तिनं तो गिळला.

घरी सन्मती वाट बघत होता. मगदूमांकडे सूर्यास्ताच्या आत जेवायचा नेम होता. त्यानं स्वतः भात लावला होता आणि आमटी जरा जास्तच उकळून ठेवली होती.

"काय म्हणाल्या बाई?"

"सोमवारी कळेल. निकाल यायचाय."

"लागणारच आपल्या बाजूनं. आरवाडे सरांनी पत्र दिलंय. संस्थेतले सगळे येणार होते सोमवारी, मीच नको म्हटलं. आरटीओत गर्दी नको." त्यानं तिच्या ताटात भात वाढला. "दमलीस काय गं?"

"जरा." तिनं आमटी ओतून घेतली. "अहो, एक विचारू? समजा, कुणी येऊन सांगितलं, की तुमची बायको तुमच्याशीसुद्धा चेहरा करूनच बोलते. हसते ते नाटकातलंच हसते. तर?"

सन्मतीचा घास हातातच राहिला. मग तो हसला. "कोण सांगणार? आरवाडे सर? त्यांना काय कळतंय. एकवीस वर्षं झाली. मला काय ओळखू येत नाही काय तू कधी हसतीस ते?"

"येतं."

"मग? पहिल्या रांगेत बसून सगळी नाटकं बघितलीत तुझी. तिथं कोण असतीस आणि इथं कोण असतीस हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक हाय? घरात येऊन चप्पल काढलीस की तू आमची पद्मा असतीस. तेवढंच एक मला नक्की कळतंय बघ जगातलं. बाकी दुकानाचं मला अजून धड कळत नाही."

तो पुन्हा जेवायला लागला. पद्मजाला त्याची दया आली, आणि प्रेमही वाटलं. दोन्ही इतकं एकदम आलं, की पहिलं कुठलं हे तिला सांगता आलं नसतं. ती हसली. ते हसू कुठल्या रस्त्यानं आलं याचा विचार तिच्या मनात आला, आणि तो विचार येताच हसू तोंडावरच अडकलं. सन्मती आमटीत भात कालवत होता. त्यानं पाहिलं नाही.

सोमवारी आरटीओत सुनावणीला फक्त तिघं होते. अधिकारी जाधवर टेबलापलीकडे, अलीकडे पद्मजा आणि सन्मती. जाधवर तसे सज्जन होते आणि त्यांना अकरा वाजता दुसरी सुनावणी होती.

"मॅडम, केंद्राकडून निकाल आलाय. तुमची संमती झाली की मी उघडतो. एक प्रत साहेबांच्या फोनवर जाईल."

सन्मतीनं फोन काढून टेबलावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर बक्षीस समारंभाला बसल्यासारखा आनंद होता.

"उघडू नका," पद्मजा म्हणाली. "अर्ज मागं घेते मी."

"का?" हे दोघंही एकदम म्हणाले.

"अभिनय नव्हता तो. मला खरंच रडू येतं."

जाधवरांनी चष्मा काढला. "मॅडम, मागं घेतलात तर तुम्ही आजारी आहात असं लागेल. तीन वर्षं गाडी नाही. समजून बोलताय ना?"

"हो. आजारीच आहे मी."

"कधीपासून?"

आणि मग पद्मजानं सांगितलं. सकाळी उठवत नाही म्हणाली. जेवणाला चव लागत नाही. प्रयोगशाळेत हात कापतात, नमुन्यांवर चुकीचे नंबर पडतात, नाटकातसुद्धा मन लागत नाही, घरच्यांना कळू नये म्हणून नाटकाचं नाव पुढं केलं होतं. आवाज कुठं चढला नाही, कुठं उगाच थांबली नाही. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. आरवाडे सरांनी पाहिलं असतं तर एक शब्द बदल म्हटलं नसतं. त्या खोलीत कॅमेरा नव्हता. त्यामुळे यातलं किती आणलेलं आणि किती आतलं, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. बहुधा तिलाही नाही.

सन्मती ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानं सगळ्यांसमोर तिचा हात धरला. एकवीस वर्षांत त्यानं असं केलं नव्हतं.

"मला सांगायचं नाहीस काय गं?" तो म्हणाला. "मी हसलो तुला. नांद्र्यात."

"तुम्हाला काय माहीत," पद्मजा म्हणाली.

जाधवरांनी निकाल न उघडता मिटवून टाकला आणि पुढच्या अर्जदाराला आत पाठवायला सांगितलं.

त्यानंतर सन्मती गाडी चालवायला लागला. सुरुवातीला पिवळा दिवा लागायचा, कारण ट्रक दिसला की त्याची नाडी धावायची. महिन्याभरात जमलं. सकाळी तो पद्मजाला दूध संघात सोडायचा, परत येऊन दुकान उघडायचा, चारला पुन्हा न्यायला जायचा, मग तालमीला. उपचाराच्या गोळ्या तो स्वतः मोजून द्यायचा, आणि पद्मजा त्या बेसिनमध्ये टाकायची. वाटेत तो बोलायचा. नळ्यांचे भाव, हळदीचे भाव, मुलीचा फोन, पुढच्या रविवारी बाहुबलीला जायचं का. पद्मजाचं पाठांतर मागं पडलं. त्या वर्षी स्पर्धेत तिचा तिसरा अंक पडला. परीक्षकांनी 'अतिशय सफाईदार, पण कोरडा' असा शेरा दिला.

हिवाळ्यात गाड्यांना नवी सोय आली. पुण्यासारखी तपासणी आता गाडीतच होऊ लागली. प्रवास संपला की गाडी चालकाच्या सीटवर बसलेल्याची मनःस्थिती बोलून दाखवायची, आणि ती आणलेली आहे की आतली तेही सांगायची. लोकांना हे आवडलं. नव्या जोडप्यांत तर त्याची स्पर्धाच लागली.

पहिल्याच दिवशी दूध संघाच्या फाटकापाशी सन्मतीनं गाडी बंद केली. गाडी म्हणाली, "चालक आनंदी आहे. आनंद आतला आहे."

सन्मती लाजला. मग त्याला हसू आवरेना. "बघ! मशीनपण म्हणतंय. खरं सांगू का पद्मा, तुझं आजारपण वाईट, पण रोज दीड तास तू माझ्या शेजारी बसतीस. दुकानात जाईपर्यंत मला बरं वाटत असतंय."

"मलापण," पद्मजा म्हणाली.

"ये की मग. बस जरा इकडं." त्यानं पट्टा सोडला, दार उघडलं. "गाडी बंदच हाय. बघू तरी तुझं काय सांगतंय."

पद्मजानं त्या सीटकडे पाहिलं. रिकामी सीट अजून त्याच्या अंगानं गरम असणार. त्या सीटवर तिनं किती वर्षं एकटीनं घालवली होती, आणि ती परत हवी म्हणून आत्ता तिचा जीव तुटत होता. सन्मती दार धरून उभा होता, लहान मुलासारखा हौसेनं.

"लायसन्स कुठंय मला," ती म्हणाली. "नसत्या भानगडी नकोत."

"अरे हो की." तो मनापासून ओशाळला. "राहू दे, राहू दे. तीन वर्षांनी बघू."

"हो. तीन वर्षांनी बघू."

तो पुन्हा सीटवर बसला आणि ती डबा घेऊन उतरली. फाटकापर्यंत पन्नास-साठ पावलांचा रस्ता होता. मध्येच तिनं वळून हात हलवला, आणि आत शिरेपर्यंत चेहरा तसाच हसरा ठेवला, कारण सन्मती आरशातून बघत असतो हे तिला माहीत होतं.